पायातली नीला की छातीतली रोहिणी?

आमच्या सीबीडी बेलापुरात पारसिक टेकडीच्या रस्त्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांत बायपास झालेली मंडळी सहज ओळखू येतात. एखाद्याच्या पायावर घोट्यापासून पोटरीकडे गेलेला लांब व्रण असतो, दुसऱ्याच्या हातावर मनगटापासून कोपराकडे गेलेला. काहींच्या हातापायांवर खूणच नसते. शर्टाच्या वरच्या गुंडीपाशी छातीच्या मधोमध उतरणारी रेघ तेवढी डोकावते. शस्त्रक्रिया एकच, तीही हृदयाची. मग व्रण वेगवेगळ्या जागी का? या प्रश्नामागे साठ वर्षांचा एक वाद आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

हृदयाच्या स्नायूला लागणारे रक्त करोनरी रोहिण्यांतून येते. त्यांत मेदाचे थर साचून वाट अरुंद झाली की अडथळ्याच्या पलीकडे रक्त पोचवणारी नवी वाट शिवून द्यायची, ही बायपासमागची साधी कल्पना. नवी वाट म्हणून रुग्णाच्याच शरीरातली दुसरी रक्तवाहिनी वापरतात. हे एक प्रकारचे कलमच, आणि आंब्याच्या कलमाप्रमाणे इथेही काडी कुठली निवडली याला महत्त्व आहे. मुख्य उमेदवार तीन. पायातली सॅफेनस नीला. छातीच्या मधल्या हाडामागे दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या स्तन-रोहिण्या, ज्यांना डॉक्टर मंडळी मॅमरी म्हणतात. आणि मनगटाशी जिची नाडी आपण पाहतो ती रेडियल रोहिणी.

यांतली स्तन-रोहिणी वैद्यकात आली ती एका चुकीच्या कल्पनेचे बोट धरून. १९३९ मध्ये इटलीतील फिएस्की यांनी असे मांडले की ही रोहिणी बांधून टाकली तर अडलेले रक्त आडवाटेने हृदयाकडे वळेल. १९५० च्या दशकात अमेरिकेत ही शस्त्रक्रिया बरीच झाली. रुग्णांचे छातीत दुखणे कमी होई, त्यांना चालताही जास्त येई. मग १९५९ मध्ये सिॲटलच्या लेनर्ड कॉब यांनी १७ रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींची रोहिणी खरोखर बांधली, बाकीच्यांच्या छातीवर नुसता छेद देऊन तो पुन्हा शिवला. आपल्याला काय केले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला! रुग्णांना अंधारात ठेवून असा प्रयोग आज करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण एक फसवी शस्त्रक्रिया त्यामुळे बंद पडली. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे वर्गात सांगताना बी रुजण्याच्या नेहमीच्या उदाहरणाशेजारी हे उदाहरणही ठेवावे, असे आम्हांला वाटते.

माँट्रियलचे आर्थर व्हाइनबर्ग यांनी त्याच रोहिणीचा निराळा उपयोग केला. १९५० पासून ते तिचे सुटे केलेले टोक हृदयाच्या स्नायूत बोगदा करून नुसते खोचून ठेवत. स्नायूतल्या सूक्ष्म पोकळ्यांत रक्त झिरपेल आणि हळूहळू नव्या वाटा फुटतील, असा त्यांचा तर्क होता. बहुतेकांना तो पटला नाही. १९५८ मध्ये क्लीव्हलंडच्या मेसन सोन्स यांनी करोनरी रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत शोधली आणि व्हाइनबर्ग यांच्या काही रुग्णांत ती रोहिणी वर्षांनंतरही उघडी असल्याचे त्या चित्रांत दिसले. ही जोडणी कितपत उपयोगी पडत होती हा प्रश्न राहिला, पण ही रोहिणी सहजासहजी बुजत नाही हे कळले.

याच सुमारास खाडीपलीकडे, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मूळ प्रश्नच उलटा केला. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण करणारे सेन ते हेच. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते आणि आतल्या कप्प्यातले रक्त थेट तिच्यात शिरते. तसे असेल तर कलम हवेच कशाला? डाव्या जवनिकेतल्या रक्तालाच सुईने भोके पाडून स्नायूत वाट करून द्यावी! सेन, उदवाडिया, किणरे आणि परुळकर यांनी कुत्र्यांच्या हृदयांवर हे प्रयोग केले आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेतील वक्षशल्यचिकित्सेच्या प्रमुख नियतकालिकात छापून आले. पुढे सुईची जागा लेसरने घेतली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपचाराला मान्यताही मिळाली. मात्र पाडलेली भोके थोड्याच काळात बुजतात असे आढळले. नळीवाटे लेसर नेऊन केलेल्या उपचाराची खोट्या उपचाराशी तुलना झाली तेव्हा दोन्हीकडचा आराम सारखाच निघाला. कॉब यांच्या प्रयोगाचीच ही पुनरावृत्ती होती. परळच्या या कल्पनेचे महत्त्व आम्ही त्यामुळे कमी मानत नाही. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली गोष्ट शस्त्रक्रियागृहात नेणारी माणसे थोडी असतात.

थेट टाक्यांनी रक्तवाहिनी जोडण्याचे युग १९६० च्या दशकात आले. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएत्झ यांनी १९६० मध्ये स्तन-रोहिणी धातूच्या कडीने करोनरीला जोडली. लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये ती टाक्यांनी जोडली. तरी दशकाअखेर बाजी मारली ती पायातल्या नीलेने. क्लीव्हलंडमध्ये काम करणारे अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी मे १९६७ पासून नीलेची कलमे पद्धतशीर करायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ती जगभर पोचली. भारतातील पहिली बायपास १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. नीला लोकप्रिय होणे स्वाभाविक होते. ती लांब असते, रुंद असते, भराभर काढता येते आणि हृदयाच्या कुठल्याही बाजूला पुरते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. नीलेत रक्त उलटे फिरू नये म्हणून झडपा असतात, त्यामुळे ती खालचे टोक वर करून जोडावी लागते.

अडचण पुढे दिसू लागली. नीलेच्या भिंतीला अगदी कमी दाबाची सवय असते. तिला एकाएकी रोहिणीच्या १२०-८० च्या दाबाखाली, प्रत्येक ठोक्याचा मार खात काम करावे लागते. तिचे आतले अस्तर जाड होते आणि पुढे त्यावरही मेद साचतो. दहा वर्षांत अशी जवळजवळ निम्मी कलमे बंद किंवा निकामी होतात. स्तन-रोहिणीची गोष्ट वेगळी. तिच्या भिंतीत स्थितिस्थापक पडदा अखंड असतो, स्नायुपेशी कमी असतात आणि अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक पाझरते. त्यामुळे ती सैल राहते आणि रक्त चिकटत नाही. शिवाय तिचे वरचे मूळ तोडावे लागत नाही, फक्त खालचे टोक जोडायचे. दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक कलमे उघडी आढळतात. १९८६ मध्ये क्लीव्हलंडच्या फ्लॉइड लूप यांनी ५,९३१ रुग्णांचा हिशेब मांडला. हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून उतरणाऱ्या मुख्य शाखेला स्तन-रोहिणी जोडलेल्यांशी तुलना करता केवळ नीला वापरलेल्यांना दहा वर्षांत मृत्यूचा धोका १.६१ पट होता. त्यानंतर डाव्या स्तन-रोहिणीचे या शाखेवरचे स्थान पक्के झाले. म्हणजे नीलेला पसंती मिळायला दोन-तीन वर्षे पुरली, तिचा दोष आकड्यांत उमटायला जवळजवळ वीस लागली. कलम दहा वर्षे टिकते का, हे दहा वर्षे थांबल्याशिवाय कळत नाही.

रेडियल रोहिणीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. पॅरिसमध्ये अलँ कार्पांतिए यांनी १९७१ मध्ये ती वापरून पाहिली. ती स्नायुमय असल्याने आकसे. दोनेक वर्षांत बरीच कलमे बुजली आणि त्यांनी स्वतःच ती सोडून दिली. पण १९८९ च्या सुमारास त्यांच्या जुन्या रुग्णांपैकी काहींची तपासणी झाली, तेव्हा बुजली असे समजलेली कलमे छान वाहताना दिसली! दरम्यान आकसणे रोखणारी औषधे आली होती आणि रोहिणी भोवतालच्या ऊतीसकट, न ताणता काढण्याची रीत सुधारली होती. ख्रिस्तॉफ अकार यांनी १९९२ मध्ये तिचे पुनरागमन जाहीर केले. २०१८ मध्ये सहा प्रयोगांतील १,०३६ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली गेली; पाच वर्षांत रेडियल नीलेपेक्षा कमी बुजली आणि हृदयविकाराचे झटकेही कमी आले. रेडियल काढल्यावर हाताला रक्त कोण देणार? मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूची अल्नर रोहिणी. ती सक्षम आहे का हे पाहायची एक चाचणी १९२९ पासून प्रचलित आहे. मूठ आवळून मनगटाच्या दोन्ही रोहिण्या दाबायच्या, मूठ उघडायची आणि फक्त अल्नर सोडायची; पांढरा पडलेला तळवा काही क्षणांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. मुलांना हे करून पाहायला आवडते.

मग दोन्ही स्तन-रोहिण्या का वापरू नयेत? ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅगर्ट यांनी २००४ मध्ये याच प्रश्नासाठी चिठ्ठ्या टाकून प्रयोग सुरू केला. त्यात सात देशांतील २८ रुग्णालये आणि ३,१०२ रुग्ण होते. देशांत भारतही होता. दहा वर्षांचा निकाल २०१९ मध्ये आला. मृत्यूचे प्रमाण दोन रोहिण्यांच्या गटात २०.३ टक्के, एकीच्या गटात २१.२ टक्के. म्हणजे फरक नाही. पण दोन रोहिण्या ठरलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के रुग्णांना प्रत्यक्षात एकच मिळाली आणि एकीच्या गटातील सुमारे २२ टक्क्यांना जोडीला रेडियल मिळाली. चिठ्ठीने नेमलेले गट शस्त्रक्रियेच्या टेबलावर असे मिसळले की तुलना बोथट होते. प्रत्यक्षात काय वापरले त्यानुसार हिशेब केला तर अधिक रोहिण्यांचे पारडे जड दिसते. पण तो हिशेब चिठ्ठीचा उरत नाही, कारण तरतरीत रुग्णालाच शल्यविशारद अधिक रोहिण्या देतो. दोन्ही बाजूंची मंडळी याच आकड्यांवर बोट ठेवून भांडतात. आम्हांला वाटते, दुसऱ्या रोहिणीचा फायदा खरा असावा, पण तो सिद्ध झाला असे म्हणण्याची वेळ या प्रयोगाने आणलेली नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. छातीच्या हाडाला रक्त मिळते ते या दोन रोहिण्यांतूनच. दोन्ही काढल्या तर हाड जुळायला वेळ लागतो. टॅगर्ट यांच्या प्रयोगात छातीच्या जखमेचा त्रास ३.५ टक्के विरुद्ध १.९ टक्के असा होता, आणि मधुमेह्यांत हा धोका वाढतो. आपल्या बायपासच्या रुग्णांत मधुमेही पुष्कळ. म्हणून अनेक शल्यविशारद दुसरी काडी हातातून घेणे पसंत करतात. तरुण रुग्णाचा विचार पुन्हा वेगळा, कारण कलमाला त्याच्यासोबत वीस-तीस वर्षे काढायची असतात. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाली होती. २००३ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, आणि जानेवारी २००९ मध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीच्या एम्समध्ये त्यांच्यावर दुसरी बायपास केली. दुसऱ्या खेपेला जुन्या व्रणांतून वाट काढावी लागते आणि चांगल्या काड्या आधीच वापरलेल्या असू शकतात.

नीलेची कहाणीही संपलेली नाही. पुढच्या शाखेला डावी स्तन-रोहिणी दिल्यावर उरलेल्या शाखांसाठी आजही बहुतेक ठिकाणी नीलाच वापरतात. स्वीडनमधील ओरेब्रू येथे डोमिंगोस सूझा यांनी ती भोवतालच्या चरबीसकट, द्रवाने न फुगवता काढायला सुरुवात केली. सोळा वर्षांनी अशी ८३ टक्के कलमे उघडी होती, नेहमीच्या पद्धतीने काढलेली ६४ टक्के. चरबीचे ते वेष्टण नीलेला आधार देते आणि तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या शाबूत ठेवते. या रीतीत पायाची जखम भरायला मात्र जास्त दिवस लागतात.