पाळी कोणाची? हिवरे बाजारचे पाणी आणि यंत्रातला वक्त

प्रत्येक नमाजेला तिचा वक्त असतो. तो निघून गेला की तीच नमाज तेवढ्याच मनोभावे पढली तरी ती कजा होते. संगणकाच्या जगात याच तत्त्वावर उभी असलेली एक शाखा आहे, तिला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. गाडीची एअरबॅग उघडण्याचा निर्णय बरोबर निघाला, पण अर्धा सेकंद उशिरा, तर त्याचा काही उपयोग नाही. इथे उशिरा आलेले बरोबर उत्तर चूकच धरतात.

एका प्रोसेसरवर एका क्षणी एकच काम चालते. म्हणून प्रत्येक कामाची, म्हणजे टास्कची, अवस्था नोंदवलेली असते: रनिंग, रेडी किंवा ब्लॉक्ड. हे शेतावरून चटकन समजते. ज्याच्या वावरात आत्ता पाणी वाहते आहे आणि जो दारे धरतो आहे, तो रनिंग. खोरे घेऊन बांधावर पाळीची वाट पाहणारा रेडी. ज्याचे रान अजून तयारच नाही तो ब्लॉक्ड; त्याला पाळी दिली तर पाणी वाया जाईल. रेडी असलेल्यांपैकी पुढची पाळी कोणाची, हे ठरवणारा तो शेड्युलर.

या शेड्युलरची परीक्षा २० जुलै १९६९ रोजी झाली. अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना येऊ लागली. त्या घडीला गरज नसलेल्या एका रडारचे संकेत संगणकाचा वेळ खात होते. पण हॅल लॅनिंग यांनी एमआयटीच्या प्रयोगशाळेत रचलेल्या व्यवस्थेत कामांची प्रतवारी आधीच ठरलेली होती. संगणकाने कमी महत्त्वाची कामे टाकून दिली आणि उतरण्याचे काम चालू ठेवले. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी या विषयाला गणिताचा पाया दिला. ज्या कामाची पाळी लवकर लवकर येते त्याला वरचा मान द्यावा आणि प्रोसेसरवरचा भार साधारण ६९ टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे कितीही कामे असली तरी कोणाचीही वेळ चुकत नाही, असे त्यांनी दाखवले. थोडी जागा रिकामी ठेवणे हा आळस नाही, ती हमीची किंमत आहे.

मात्र प्रतवारी ठरली म्हणजे सगळे मिटले असे नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या हलक्या प्रतीच्या कामाने एक सामायिक साधन अडवून ठेवले होते. ते सोडण्याआधीच मधल्या प्रतीची कामे त्याला बाजूला सारत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम दाराशी ताटकळत राही. उपाय असा झाला की साधन अडवणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा मान द्यायचा, म्हणजे तो काम उरकून ते लवकर मोकळे करतो.

आता हिवरे बाजारला येऊ. नगर तालुक्यातले हे पर्जन्यछायेतले गाव. इथे वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० च्या दशकात समतल चर, नालाबांध, पाझर तलाव झाले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. गावाचे नाव झाले ते यामुळे. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत हिशेब मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. उरलेल्यातले सुमारे ७० टक्के शेतीला, बाकीचे जमिनीत पुढच्या सालासाठी. पाऊस कमी तर जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही. कारण खोल बोअर म्हणजे सामायिक साधन एकट्याने अडवणे, आणि ते अडले की सगळ्यांच्या पिण्याचे पाणी ताटकळते.

आपल्या फिक्हमध्येही हाच क्रम आहे. तहानेचा हक्क आधी, शेताचा नंतर. मदिन्यात हजरत जुबैर आणि त्यांच्या अन्सारी शेजाऱ्याचा पाटाच्या पाण्यावरून वाद झाला, तेव्हा पैगंबरांनी (स.) पहिला निवाडा असा दिला की वरच्याने आपले शेत भिजवावे आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाण्याची पंचायत आजही दर गुरुवारी बसते. तिची मुळे परंपरेने तिथल्या मुस्लिम राजवटीत सांगितली जातात.

शेड्युलरच्या शास्त्रात ‘उपासमार’ असाही एक शब्द आहे. काम तयार असते, त्याची काही चूक नसते, पण वरच्या प्रतीचे कोणी ना कोणी सतत येत राहते आणि त्याची पाळी कधीच लागत नाही. अल्पसंख्याक म्हणून जगणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिवरे बाजारात मुसलमानांचे घर एकच, तरी गावाने त्या घरासाठी मशीद बांधली. मतांच्या हिशेबात एका घराची पाळी कधी आली असती? यंत्रात प्रतवारी इंजिनिअर ठरवतो. गावात ती ग्रामसभा ठरवते आणि दरसाल पुन्हा तपासते. मोठ्यांच्या सोयीने ठरवली तर तीच ग्रामसभा उपासमारही करू शकते. इथे तसे झाले नाही, याची नोंद आपण घ्यायला हवी.

आपल्या मोहल्ल्यांत, जमातींत पाण्याची बैठक बहुधा टँकर दारात उभा राहिल्यावर होते, आणि तोवर ज्याचा पाइप लांब त्याचे पाणी. हीच बैठक पावसाळा संपताच घ्यावी. वजूच्या हौदाला किती, विधवेच्या घरी किती, बांधकामाला किती, हे भांडण सुरू व्हायच्या आत कागदावर लिहून ठेवावे.