मजबूत की चिवट?

रस्त्याच्या कामाचा सरकारी फलक कुठल्याही गावात वाचा. खडीकरण, मजबुतीकरण, डांबरीकरण ही तीन 'करणे' ठरलेलीच. त्यातला 'मजबूत' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात अर्थ धरून ठेवणे, आवळणे, ताब्यात घेणे. त्याच मुळातून 'जप्त' आला आणि कोर्टकचेरीतला 'जाब्ता'ही. मजबूत पूल आणि जप्त झालेली मोटार ही शब्दांच्या वंशावळीत भावंडे आहेत. रस्त्याकडून आपल्याला एवढेच हवे असते का, की त्याने स्वतःला घट्ट धरून ठेवावे? उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीत हा प्रश्न नुसता कोशाचा राहत नाही.

सिडकोचा हा नोड न्हावा-शेवा बंदराच्या पाठीशी वसला आहे. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि आसपास कंटेनरची यार्डे, गोदामे, ट्रेलरच्या रांगा वाढत गेल्या. खाली बराच भाग खाजणाचा आणि भरावाचा, वर टनांचा मामला. २०१८ साली केंद्र सरकारने चार चाकांच्या एका एक्सलवरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. धावता ट्रेलर त्या मानाने बरा. यार्डाच्या दारात उभा राहिलेला ट्रेलर रस्त्याचा जास्त छळ करतो. मे महिन्यात मऊ झालेल्या डांबरात चाकांखाली दोन लांबट पन्हळी उमटतात. त्यांना आपल्याकडे अस्सल नाव आहे, चाकोरी. चाकोरीतल्या आयुष्याला आपण नाके मुरडतो, पण शब्द गाडीच्या चाकाने पाडलेल्या खोल रेघेचा आहे, आणि रस्त्याचे अभियंते ती रेघ आजही मिलिमीटरमध्ये मोजतात.

चाकोरी नको असेल तर डांबर कडक घ्यावे लागते. व्हीजी-३० या प्रतीऐवजी व्हीजी-४०. कडक डांबर दबत नाही हे खरे, पण कडकपणा फार झाला, त्यात वर्षानुवर्षांचे ऊन-वारे लागले, की मिश्रण ठिसूळ होते आणि तडकते. एका दुखण्यावरचे औषध दुसरे दुखणे आणते.

इथे मराठीची चार नामे आणि त्यांची क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. भेग 'पडते': टाचेला, वाळल्या शेताला, सावकाश, आटत जाणाऱ्या वस्तूला. चीर 'पाडतात', निदान कुणीतरी किंवा कशाने तरी ती पाडलेली असते. फट 'राहते'; तिच्यातून उजेड येतो, पाल येते. तडा मात्र 'जातो'. कपाला तडा गेला, भिंतीला गेला, विश्वासाला गेला. 'तड्' हा आवाजच त्या शब्दात बसला आहे, आणि 'जाणे' हे क्रियापद त्याला पाय देते. तडा ही स्थिर वस्तू नव्हे, तो निघालेला आहे. भंगाचे सगळे आधुनिक शास्त्र या 'जातो'भोवती फिरते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याचा काचेवरचा निबंध १९२१ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. काच गणिताने जेवढी बळकट असायला हवी त्याच्या कितीतरी आधी का फुटते, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर असे की तिच्यात बारीक दोष आधीच असतात. तडा पुढे सरकला की ताण मोकळा होऊन ऊर्जा सुटते. नवे पृष्ठभाग उघडायला ऊर्जा खर्ची पडते. सुटणारी ऊर्जा खर्चाला पुरली की तडा निघाला. पुढे १९५७ मध्ये जॉर्ज अर्विनने तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटतो ते मोजायचे माप दिले.

म्हणून प्रयोगशाळेत नमुना घेऊन त्याला आधी मुद्दाम जखम करतात. एरवी कुठला दोष कुठे लपला आहे कळत नाही, निकाल नशिबावर जातो. आपण कापलेल्या खाचेची जागा आणि खोली तरी ठाऊक असते. 'खाचखळगे' म्हणून ज्या शब्दाने आपण रस्त्यांना शिव्या घालतो, तीच खाच इथे करवतीने, मोजून, शिस्तीत घालतात. डांबरी मिश्रणाच्या एका रूढ चाचणीत १५० मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलातून ५० मिलिमीटर जाडीची चकती कापतात, ती मधोमध चिरून दोन अर्धचकत्या करतात आणि सपाट कडेच्या मध्यावर १५ मिलिमीटर खोल खाच देतात. मग खाच खाली, गोल पाठ वर, अशी ती दोन रुळांवर ठेवतात. बाजूने पाहिले तर अगदी पालथा घातलेला द्रोण. २५ अंश तापमानाला वरून मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने दाब येतो. खाचेच्या टोकापासून काळी रेघ वर चढू लागते. कधी खडीच्या कडेने वळसा घेते, कधी खडी फोडूनच जाते. सगळा कारभार काही सेकंदांचा. ही अर्धचकती डांबरवाल्यांनी शोधलेली नाही. चाँग आणि कुरुप्पू यांनी ती १९८४ मध्ये खडकासाठी सुचवली. रस्तेवाल्यांनी नंतर उचलली.

आपल्या निविदांतली ओळखीची चाचणी मार्शलची. १०१.६ मिलिमीटर व्यासाचा ठोकळा, अवजड वाहतूक असेल तर दोन्ही तोंडांवर ७५-७५ ठोके, ६० अंशांच्या पाण्यात शेकणे आणि मग दाबणे. किमान ९ किलोन्यूटन भार घेतला पाहिजे. हा आकडा शिखराचा आहे, म्हणजे 'मजबूत'चा. अर्धचकतीच्या आलेखात मला रस आहे तो शिखरानंतरच्या उतारात. ठिसूळ नमुना शिखर गाठतो आणि कड्यावरून कोसळावे तसा खाली येतो. दुसरा, कदाचित त्याच्याहून बुटक्या शिखराचा, तडा गेल्यावरही भार सोडत नाही. रेंगाळत, धरत-सोडत उतरतो. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे तडा पुरता जायला लागलेली ऊर्जा. या दुसऱ्याला मराठीत एकच शब्द आहे आणि तो घराघरात आहे: चिवट. चिवट फलंदाज सर्वांत जास्त धावा करतो असे नाही. तो बाद होत नाही.

डांबराची गोष्टही रस्त्याआधी समुद्राची आहे. मलय भाषेत 'दामार' म्हणजे झाडाची राळ. होड्यांच्या फळ्यांचे सांधे बुजवायला ती वापरत आणि व्यापाराबरोबर शब्दही आपल्या किनाऱ्यांवर पसरला. उरणच्याच करंजा बंदरापासून चार पावलांवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे दगडी कोळशापासून निघालेल्या काळ्या द्रवालाही आपण डांबर म्हटले, म्हणून कपाटातल्या डांबरगोळ्या. आज रस्त्यावर पडते ते खनिज तेलाचा गाळ, बिटुमेन. नाव मात्र राळेचेच चालू आहे. गंमत म्हणजे 'बिटुमेन' हा लॅटिन शब्द भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'जतु'शी जोडतात. जतु म्हणजे लाख. पांडवांना जाळायला बांधलेले ते जतुगृह, आणि डोंगरातून पाझरणारे ते शिलाजतु, म्हणजेच शिलाजित.

महाभारत आलेच आहे तर द्रोणही घेऊ. मूळ शब्द 'द्रु', लाकूड, याच्याशी निगडित. लाकडी पात्र, कुंड. त्या पात्रातून जन्मले म्हणून द्रोणाचार्य. गुरांना पाणी पाजायची डोण त्याच घरातली, पत्रावळीशेजारचा द्रोणही. हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा इथे गळून पडला, अशी उरणच्या डोंगराची आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्राला तो दख्खनचा काळा पाषाण दिसतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

'नमुना' फारसी, 'दाखवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. उरणकराला या शब्दाने आधी गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा आठवतो. सिडकोसाठी जमिनी गेल्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. त्या सातबाऱ्यांवरून आज ट्रेलर जातात, आणि डांबराचा गाभा काढला की त्यालाही नमुनाच म्हणतात.

राहिला प्रश्न परिभाषेचा. तडा रोखण्याच्या या गुणाला 'भंगदृढता' म्हणायचा मोह संस्कृताळलेल्या लेखणीला होतो. तो आवरावा. दृढ म्हणजे पक्के, न हलणारे. फिरून तो मजबूतच झाला. शाळेच्या पुस्तकात ठिसूळपणा सुखाने नांदतो, मग त्याच्यासमोर चिवटपणा उभा करायला हरकत कसली? 'वातड' तेवढा नको. तो शिळ्या पापडासाठी राहू द्या.