बॅजमागची लिंक तुटली तर?

आजच्या भागात डिजिटल बॅजचा इतिहास. स्किप करू नका, कारण यात प्राध्यापकांच्या प्रमोशनची फाईल पण आहे. आणि सध्या मी एका विद्यापीठासाठी स्टाफ ट्रेनिंगची बॅज सिस्टीम डिझाइन करतोय, त्यामुळे विषय डोक्यात ताजा आहे.

बॅज म्हटलं की डोळ्यांसमोर चित्र येतं. स्काउटच्या बाहीवर शिवलेला बॅज आठवा. तो खरा की खोटा, हे स्काउट मास्तरांना माहीत असायचं, कारण ते तिथेच उभे असायचे. इंटरनेटवर मात्र कुठलंही चित्र कोणीही सेव्ह करून स्वतःच्या प्रोफाइलवर लावू शकतो. मग खरं कोण ठरवणार?

हा प्रश्न हातात घेतला मोझिलाने. हो, तीच फायरफॉक्सवाली. २०१० मध्ये बार्सिलोनाला त्यांचा ड्रमबीट महोत्सव झाला. वेबवर शिकणाऱ्यांनी आपण काय शिकलो हे दाखवायचं कसं, ही चर्चा तिथे रंगली. २०११ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या पाठबळावर प्रकल्प जाहीर झाला आणि मार्च २०१३ मध्ये ओपन बॅजेस १.० आलं.

त्यांची युक्ती मला अजूनही आवडते. बॅज ही साधी पीएनजी फाईल, पण तिच्या पोटात नोंद दडवलेली. कोणी दिला, कोणाला दिला, निकष काय होते, हे सगळं त्या नोंदीवरून कळतं. या दडवण्याला ते चक्क 'बेकिंग' म्हणतात!

ही नोंद तपासायच्या पद्धती दोन. होस्टेड पद्धतीत नोंद बॅज देणाऱ्याच्या सर्व्हरवर असते, तपासणारा तिथे जाऊन बघतो. साइन्ड पद्धतीत नोंदीवर डिजिटल सही असते. होस्टेड करायला सोपी. पण सर्व्हर बंद झाला की हातात उरतं नुसतं चित्र. आणि सर्व्हर बंद होतात हो. लोकांचे बॅज साठवणारी 'बॅकपॅक' नावाची मोझिलाची स्वतःचीच सेवा होती. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं, आता तुमचे बॅज बॅजर नावाच्या दुसऱ्या सेवेकडे जातील. मानक तर त्याआधीच, २०१७ मध्ये, आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेलं होतं.

आता आपल्याकडे या. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. २०१५ मध्ये त्यांचं नाव ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झालं, २०२३ मध्ये मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर. म्हणजे एकाच माणसाच्या नोकरीत तीन पाट्या! तरी तिथलं जुनं रिफ्रेशर कोर्सचं प्रमाणपत्र बढतीच्या फायलीत लावता येतं, कारण कागदाला सर्व्हर लागत नाही. पुणे विद्यापीठाचंही नाव २०१४ मध्ये बदललं. वेबसाइटचा पत्ता 'युनिपुणे' असाच राहिला, ही बॅजवाल्यांच्या दृष्टीने नशिबाचीच गोष्ट. पत्ता बदलला असता तर त्यावर टेकलेल्या सगळ्या लिंका गेल्या असत्या.

दुसरी गोची ईमेलची. जुन्या ओपन बॅजमध्ये माणसाची ओळख बहुधा त्याच्या ईमेलवरून पटते. मॅडमनी नोकरी बदलली, विद्यापीठाने ईमेल बंद केला, की "हा बॅज माझाच" हे सिद्ध करणं अवघड. प्रशिक्षण मॅडमनी घेतलं, आणि पुरावा राहिला जुन्या ऑफिसच्या आयटी विभागाकडे!

२०२४ मध्ये आलेलं ३.० मानक इथे मदतीला येतं. ते डब्ल्यू३सीच्या व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल्सवर बेतलंय. सही नोंदीतच असते आणि ओळख ईमेलऐवजी माणसाच्या स्वतःच्या डिजिटल कीशी जोडता येते. म्हणून मी तेच घेतलंय. निकषही लिंक म्हणून न देता नोंदीतच पूर्ण लिहायचे, आणि नुसत्या हजेरीला बॅज द्यायचा नाही, असंही सुचवलंय. हजेरीवाल्या मुद्द्यावर कोणी फारसं खूश नाही.

खरा वाद मात्र सहीच्या गुप्त कीवरून चाललाय. ती सांभाळायची कोणी? सोयीचं उत्तर आहे, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने. माझं मत, कुलसचिव कार्यालयाने. कंपनीचं कंत्राट काही वर्षांत संपेल, आणि आज पहिला बॅज घेणाऱ्या लेक्चररची अजून तीस वर्षं नोकरी बाकी असेल.