पहिल्या तासातली सुई

बाळ जन्माला आलं की नाव ठरायच्या आधीच त्याच्या मांडीत एक सुई टोचली जाते. व्हिटॅमिन के, १ मिलिग्रॅम. ही लस नव्हे, नुसतं जीवनसत्त्व. बाबालोक तेव्हा फोनवर सगळ्यांना वजन सांगत असतात, त्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही. आमच्याकडे लवकरच पाळणा हलणार आहे, म्हणून म्हटलं, या वीकएंडला जरा खणून बघू, ही सुई आली कुठून?

तर मंडळी, गोष्ट सुरू होते १८९४ साली, बॉस्टनला. चार्ल्स टाउनसेंड नावाच्या डॉक्टरने ५० बाळांची माहिती छापली. जन्मल्यावर काही दिवसांतच त्यांना आपोआप रक्तस्राव सुरू झाला होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला अलेक्सिस कारेल या सर्जनने असंच एक बाळ वाचवण्यासाठी वडिलांच्या हातातली धमनी थेट बाळाच्या पायातल्या शिरेला जोडली! बाळ वाचलं. पण हा काही रोज करायचा उपाय नव्हे.

उत्तर सापडलं कोंबडीच्या पिल्लांत. कोपनहेगनच्या हेन्रिक डामने १९२९ च्या सुमारास पिल्लांना स्निग्धांश काढलेलं खाणं दिलं, तर त्यांना रक्तस्राव व्हायला लागला. खाण्यात जे कमी पडत होतं त्याला त्याने १९३५ मध्ये 'के' नाव दिलं. 'कोआग्युलेशन', म्हणजे रक्त गोठणं, यातला के. १९४३ चं नोबेल त्याला आणि एडवर्ड डॉइझीला मिळालं.

नवजात बाळाकडे या 'के'ची शिल्लक जवळपास शून्य असते. वारेतून फार थोडं येतं, आईच्या दुधातही कमीच, आणि ते बनवणारे आतड्यातले जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात.

मग काय, द्या सगळ्यांना? इतकं सरळ झालं नाही. १९५० च्या दशकात पाण्यात विरघळणारं कृत्रिम के मोठ्या डोसमध्ये दिलं गेलं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यामुळे जबर कावीळ झाली. मग औषधाचा प्रकार बदलला, डोस उतरवला. त्यानंतर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते प्रत्येक बाळाला द्यायची शिफारस केली.

१९९२ मध्ये पुन्हा गडबड! ब्रिस्टलच्या जीन गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर झालेली १९५ मुलं आणि न झालेली ५५८ मुलं यांची तुलना केली. इंजेक्शन घेतलेल्यांत धोका जवळपास दुप्पट दिसला. आईबाप हादरले, यात नवल ते काय! पण पुढच्याच वर्षी स्वीडनने १३ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. संबंध सापडला नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही तो टिकला नाही.

हे सगळं घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला सुई कशाला? तुझ्या वेळी कुठे होतं हे सगळं?"

प्रश्न रास्त आहे. एक रक्तस्राव उशिरा, दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही होतो, मुख्यतः फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना. इंजेक्शन न दिलेल्या लाख बाळांमागे साधारण ४ ते ७ जणांना. म्हणजे आमच्या आख्ख्या गावात तो कुणी पाहिलेला नसणार. पण होतो तेव्हा बऱ्याचदा थेट मेंदूत होतो, आणि आधी काही खूण दिसेलच असं नाही. इथे 'आमच्या ओळखीत कुणालाच झालं नाही' हा अनुभव खरा असूनही उपयोगाचा नाही. लाखात चार ही गोष्ट कुठल्याच आजीला दिसत नाही, ती मोजणाऱ्यालाच दिसते. गंमत म्हणजे इंजेक्शनचा एखादा दुर्मिळ धोका असता तर तोही असाच, मोजूनच कळला असता. म्हणून १९९२ ची शंका उगाच नव्हती. ती तपासली गेली, म्हणून तर आज भरवसा ठेवता येतो.

आम्ही दोघांनी 'हो' ठरवलंय. आईलाही लाखाचा हिशोब पटला, सुई मात्र अजून पटलेली नाही. चालायचंच!

भारत सरकारने २०१४ मध्ये दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला हे द्यावं अशा सूचना काढल्या. तरी घाईगर्दीत राहून जाऊ शकतं. तेव्हा तुमच्याकडे बाळ येणार असेल तर एवढंच करा: घरी निघण्याआधी 'के दिलं का?' असं विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद आहे ना, ते बघा.