पाणी आलं त्याच वाटेने

ऑफिसचं काम आटोपलं की मी सायकल काढतो आणि सिंहगड रोडने खडकवासल्याला जातो. नांदेड फाट्यापर्यंत नुसता धूर आणि हॉर्न. पुढे मात्र गार वारा लागतो, समोर सिंहगड दिसतो, धरणाजवळ भाजलेलं कणीस मिळतं. डोकं शांत.

आता हीच वाट उलटी बघा. 12 जुलै 1961 ला मुठेचं पाणी इकडूनच पुण्यात शिरलं. वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधत होते. पाणी सोडायच्या मोरीचं कामसुद्धा अर्धवट, तरी त्याच पावसाळ्यात पाणी साठवलं. आमच्या भाषेत, टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन! भिंत खचू लागली तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही, पण फुटलं ते सकाळी. रात्री फुटलं असतं तर अख्खं शहर झोपेत सापडलं असतं.

तो लोंढा खडकवासल्यावर आदळला. ते इंग्रजांच्या काळातलं, 1879च्या सुमाराचं दगडी धरण. तेही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नारायण, शनिवार, कसबा पेठेत वाडे कोसळले. पुढे गोखलेनगर, सहकारनगर भागांत पूरग्रस्तांना जागा मिळाल्या.

दोन्ही धरणं पुन्हा बांधली, पुण्याच्या नळाला आजही तिथलंच पाणी येतं. तुमच्या आजी-आजोबांनी तो दिवस पाहिला असेल, तर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.