खबरी-संशयहत्या, गडचिरोलीतील

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवादी (माओवादी) सशस्त्र गटांनी पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून केलेल्या गावकऱ्यांच्या हत्या. बळी पडलेल्यांत माडिया व गोंड आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या दुर्गम तालुक्यांनी हा हिंसाचार दीर्घकाळ सोसला.

पार्श्वभूमी : कोंडापल्ली सीतारामय्या यांनी १९८० मध्ये पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी गटाची स्थापना केली. त्याच सुमारास या गटाची दलमे (सशस्त्र पथके) गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात शिरली. तेंदूपत्त्याची मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांचा जाच हे प्रश्न खरे होते. ते हाती घेतल्याने दलमांना गावांत आसरा मिळाला. १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० हे पथक स्थानिक तरुणांमधून उभे केले. जंगल आणि बोली जाणणारे जवान आल्यावर दलमांच्या हालचालींची माहिती बाहेर जाण्याची धास्ती वाढली आणि संशयाचा रोख गावाकडेच वळला.

स्वरूप : रात्री घरातून उचलून नेणे, हत्या करून मृतदेह रस्त्यावर टाकणे आणि जवळ आरोपाचे पत्रक सोडणे, ही नेहमीची पद्धत. काही वेळा ‘जनअदालत’ भरवली जाई. तिथे आरोप करणारे, निवाडा देणारे आणि शिक्षा अमलात आणणारे एकच असत. पोलीस पाटील, पोलिसांचे नातेवाईक, आत्मसमर्पण करून गावी परतलेले माजी सदस्य यांच्यावर विशेष रोष असे. दुसरीकडे, दलमला जेवण दिले की पोलिसांचा संशय ओढवे. बंदुकीपुढे भाकर नाकारणे मात्र कोणालाच शक्य नव्हते.

कसनासूर प्रकरण : एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर परिसरातील चकमक व तिच्या पाठोपाठची राजाराम खांदला येथील चकमक यांत मिळून सुमारे ४० नक्षलवादी मारले गेले. त्यासाठी पोलिसांना माहिती दिल्याचा आरोप ठेवून जानेवारी २०१९ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूरच्या तिघा गावकऱ्यांची हत्या करण्यात आली.

परिणाम व मूल्यमापन : घरचा कर्ता माणूस गेल्यावर अनेक कुटुंबांना शेती आणि गाव सोडावे लागले. शेजाऱ्याशी बोलतानाही जपावे लागू लागल्याने गावातला परस्परविश्वास खचला. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील सामायिक कलम ३ हे देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही लढाईत भाग न घेणाऱ्यांच्या हत्येस आणि रीतसर न्यायालयाच्या निकालाविना देहदंडास मनाई करते. ही मनाई बंडखोर गटांनाही लागू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आदिवासींच्या हक्कांसाठी लढत असल्याचा दावा करणाऱ्यांनी आदिवासींनाच बाजू मांडण्याची संधी न देता मारले. या हत्यांचे समर्थन कोणत्याही विचारसरणीच्या आधारे होऊ शकत नाही.