ऐकणारे गाव

आकाशवाणीचा इतिहास लिहिताना केंद्रे, अधिकारी आणि नामवंत कलावंत ह्यांची नोंद होते. ऐकणाऱ्यांची सहसा होत नाही. म्हणून सत्तरीच्या दशकातील पुणे केंद्राकडे मी इंदापूर तालुक्यातील निरवांगी ह्या माझ्या नीरेकाठच्या गावातून पाहणार आहे.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीला तेथून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ह्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले; दर आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते. ती कथा घरोघर सांगितली जाते. त्याच केंद्राने १९५६ च्या आरंभी केलेला दुसरा प्रयोग मात्र विस्मरणात गेला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे २० कार्यक्रम झाले. माणसे एकत्र बसून ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. केंद्र त्यांची उत्तरे देई. रेडिओ बोलतो तसा ऐकूही शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

सत्तरीत आमच्याकडे ट्रान्झिस्टर आला. त्याचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे. सेल उतरले की आई ते उन्हात ठेवी, आणि ते आणखी दोन संध्याकाळी रेटत. सकाळी प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात तेव्हा व्यंकटेश माडगूळकर होते. रानातले आणि माणसांचे बोलणे ओळखणारा लेखक तेथे बसला होता, ही आम्हां खेडुतांची भाग्याचीच गोष्ट. भारूड, पोवाडा, कीर्तन ही तर घरचीच मंडळी! पण ज्या बायकांनी नाट्यगृहाची पायरी पाहिली नव्हती, त्यांना नभोनाट्यातील सासुरवाशिणीचे दुःख शेजारणीच्या दुःखाइतके ठाऊक होते. शास्त्रीय गायन लागले की आम्ही पोरे बटण फिरवायला धावत असू. आजोबा हात धरीत. त्या धरलेल्या हातामुळेच थोडेफार गाणे कानांत राहिले.

कलेचे दार असे उघडले. गावाच्या गाऱ्हाण्याचे दार मात्र किलकिलेच राहिले. १९७२ च्या दुष्काळात कालव्याचे पाणी न पोचलेली जिरायत रानेच्या राने करपली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. बातम्यांत कामांचे आकडे येत. परंतु खडी फोडणाऱ्या बाईचा स्वतःचा आवाज त्या पेटीतून ऐकल्याचे मला आठवत नाही.

पुढे २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनच आणीबाणीची वार्ता दिली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आम्हांला आधीपासून परिचित होता. परंतु १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, तेव्हा समजावणे आणि धाक ह्यांतील अंतर खेड्यालाही कळले. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, हे सुदैव. त्या काळात चावडीवरची जाणती माणसे रात्री हलक्या आवाजात बी.बी.सी.ची हिंदी बातमीपत्रे लावीत. ज्या आवाजाने आम्हांला गाणे दिले, त्याच्या बातमीवरचा विश्वास असा उडाला.

आणीबाणीनंतर वर्गीज समितीने १९७८ मध्ये आकाशवाणीच्या स्वायत्ततेची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अंमलात १९९७ मध्ये आला. २००६ मध्ये लोकसंस्थांनाही सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली, आणि आमच्या शेजारच्या बारामतीत वसुंधरा वाहिनी निघाली. दीडशे गावांनी जे अवघ्या काही आठवड्यांत करून दाखवले होते, त्याची वाट मोकळी व्हायला पन्नास वर्षे लागली.

पुणे केंद्राचे ऋण मी मानतो. ते कधी फिटायचे नाही. परंतु गावाला चांगले ऐकवणे ही अर्धीच सेवा. उरलेली अर्धी गावाचे ऐकून घेण्यात आहे.